पहिलं कोण गाणार?

"महाराज, यंदा आम्ही खेळणार नाही!"

चंदनगडचे राजे प्रतापसिंह यांच्यासमोर त्यांचे दोन्ही बालमित्र, सरदार हैबतराव आणि दिवाण माधवपंत, हात जोडून उभे होते. खेळ त्यांचा लहानपणापासूनचा. दसऱ्याच्या आधी सगळे एकत्र बसायचे, पाळीपाळीने राज्यातले गवई निवडायचे आणि आपापली मैफल मांडायची. ज्याच्या मांडवात जास्त लोक बसतील तो जिंकला.

"का नाही खेळणार?" महाराजांनी विचारलं.

"पहिली पाळी आपली," हैबतराव म्हणाले, "दुसरीही आपलीच! आमच्या वाट्याला मागच्या खेपेस एक सनईवाला आला, तोही सर्दी झालेला!"

"शिवाय जिंकलात की गवई वर्षभर गायनशाळेत कोंडता," पंतांनी पुस्ती जोडली. "गावात गाणं म्हणून कानावर पडत नाही."

"माझे गवई माझ्यासाठीच गातील!" महाराज कडाडले. "आणि यंदा मी अशी मैफल मांडणार की तिला तोड नाही. दिलदारखाँ, विश्वंभरबुवा, चंपाराणी, उस्ताद मिठूमियाँ आणि पंडित हरिनाथ. पाचही माझे!"

तेवढ्यात कुणीतरी खुदकन हसलं. विड्याचं तबक घेऊन गोजरा उभी होती. राजवाड्यात विडे लावण्याचं काम तिच्याकडे होतं.

"हसलीस का गं?"

"चुकलं महाराज. पण या मैफलीत सूर लागायचा नाही."

"काय? मग उरलेल्यांतून तू निवड आणि मला हरवून दाखव! तंबोरे, पखवाज दोघांनाही सारखे मिळतील. जिंकलीस तर मागशील ते देईन. आणि हरलीस तर..." महाराज थांबले. "गायनशाळेच्या भिंतीला कान लावून बसते ती म्हातारी तुझी आई ना?"

गोजराचा चेहरा उतरला. तिच्या आईचं सगळं आयुष्य देवळातलं गाणं ऐकण्यात गेलं होतं. देवळातलं गाणं बंद झालं तशी ती रोज भिंतीपाशी येऊन बसायची. शिपाई हुसकायचे, ती पुन्हा यायची.

"हरलीस तर ती तिथे पुन्हा दिसता कामा नये!"

गोजराने तबक खाली ठेवलं. "कबूल. मला एकच गवई पुरे. चंपाराणीबाईंची नवी शिष्या, सुगंधा."

"ती? तिला दोन राग येतात!"

"एका सकाळीला एक पुरतो, महाराज."

दसऱ्याला उजाडता उजाडता समोरासमोर दोन मांडव सजले. सगळं गाव महाराजांच्या मांडवात लोटलं. पाच थोर गवई एका रांगेत बसले. तंबोरे लागले.

"खाँसाहेब, करा सुरुवात!" महाराज म्हणाले.

दिलदारखाँनी कानाला हात लावला. "तौबा! बुवांसारखे बुजुर्ग बसलेले असताना मी आधी? बुवा, आपण."

"छे छे," विश्वंभरबुवा हसले, "बुजुर्ग तर आपण! आज पहिला मान आपलाच!"

खाँसाहेबांचे डोळे बारीक झाले. मैफलीचा रिवाज पोराटोरांनाही ठाऊक होता. लहान आधी गातो, सगळ्यात थोर शेवटी. जो आधी तोंड उघडेल, तो पाचांत धाकटा!

"चंपाराणी, तुम्ही," महाराज म्हणाले.

"हुकूम करा, गाते. पण आधी दवंडी पिटा, की चंपाराणी या चौघांहून कमी आहे!"

मिठूमियाँचा घसा अचानक बसला. हरिनाथांनी डोळे मिटून ध्यान लावलं.

"चिठ्ठ्या टाकू!" महाराज ओरडले.

"चिठ्ठीने मोठेपण ठरवायचं?" पाचही एका सुरात म्हणाले. सकाळपासून त्यांचा लागलेला सूर तेवढाच!

ऊन वर आलं. "गेला!" खाँसाहेब कळवळले. "माझा भैरव गेला! भल्या सकाळच्या रागाची वेळ टळली!"

समोरच्या मांडवात मात्र सुगंधा बसली होती. गोजराची आई पुढ्यात, एकटीच. पोरीचा आवाज थरथरला, चुकला. म्हातारी म्हणाली, "परत घे बाई, मला कुठं जायचंय?" सुगंधाने परत घेतलं आणि या वेळी सूर बरोबर बसला. इकडचे चार लोक उठून तिकडे गेले. मग चाळीस. मग हैबतरावही चोरपावलांनी सटकले.

तिचं गाणं संपलं तसे खाँसाहेब ताडकन उठले आणि थेट समोरच्या मांडवात जाऊन बसले.

"खाँसाहेब! तुम्ही माझे गवई!"

"गवई आपलाच, महाराज, पण सकाळ माझी चालली आहे! भैरव गेला, तोडी तरी गाठू द्या!"

आधी गाण्याचा कमीपणा पोरीने केव्हाच स्वतःवर घेतला होता. आता राहिली होती ती आपापल्या रागाची वेळ. "तोडीनंतर माझा सारंग!" म्हणत बुवा धावले. चंपाराणी शिष्येच्या पाठीवर हात फिरवत बसल्या. मिठूमियाँचा घसा सुटला, हरिनाथांचं ध्यान उतरलं. मोकळ्या मांडवात महाराज आणि पाच तक्के उरले.

शेवटी महाराजही आले. "गोजरा, ही लबाडी आहे. राज्यातले पाच श्रेष्ठ गवई मी निवडले. तू काय निवडलंस?"

"महाराज, तुम्ही पाच शेवट निवडलेत. मी एक सुरुवात निवडली."

महाराज असे खदखदून हसले की पखवाजवाल्याचा ठेका चुकला!

"माग, काय हवं ते माग!"

"गायनशाळेचं दार, महाराज. नुसतं उघडं नको, बिजागरीवरून काढूनच टाका. गवयांनी हवं तिथे गावं, ज्याला हवं त्याने ऐकावं."

"दिलं! आणि पुढच्या दसऱ्याला पहिली पाळी तुझी." महाराज म्हातारीकडे वळले. "आजी, आता भिंतीला कान लावायला नको. इथेच बसा."

"बसते की," म्हातारी म्हणाली. "पण भिंतीचं एक बरं होतं बघा, पाठ टेकायला मिळायची."

महाराज पुन्हा हसले, स्वतः उठले आणि रिकाम्या मांडवातून आपला तक्क्या उचलून घेऊन आले.