थेरोन राजा आणि त्याच्या आईच्या अंगावरचे घाव

एक होता राजा. आपल्याकडचा नाही, बरं का. पार समुद्रापलीकडे ग्रीस म्हणून देश आहे, तिथला. आणि फार फार जुना. श्रीप्या, गोधडी ओढू नकोस. रेणूचे पाय उघडे पडतात. हं.

तर त्या राजाचं नाव थेरोन. त्याची आई अंथिया. ती साधी बाई, तुमच्या-आमच्यासारखी. पण बाप होता नदी. हसू नका! आपल्याकडे नदी म्हणजे आई. तिकडे नदी म्हणजे बाप्या, दाढीमिशीवाला देव, पाण्यात राहणारा. त्याचं नाव अर्गीस. म्हणजे थेरोन अर्धा माणूस आणि अर्धा देव.

आणि त्याला काय होतं, तर कुठलंच शस्त्र लागायचं नाही. तलवार मारा, भाला फेका, बाण सोडा. अंगाला साधा ओरखडासुद्धा नाही. लोक म्हणायचे, देवाचा मुलगा तो, त्याला काय लागतंय! त्यालाही तसंच वाटायचं.

त्या देशात एक रीत होती. मुलगा जन्मला की त्याचे केस कापायचे नाहीत. मिसरूड फुटलं की मग कापायचे आणि गावच्या नदीला वाहायचे. आपण जावळ काढतो ना, तसंच, फक्त उशिरा. सगळ्या मुलांचे केस वाहून झाले. थेरोनचे मात्र राहिले. आईला विचारलं की ती म्हणायची, "बघू रे, पुढच्या वर्षी." मग पुढचं वर्ष आलं की परत पुढचं वर्ष. थेरोन राजा झाला, दाढी आली, तरी पाठीवर हा एवढा शेपटा. पण राजाला हसणार कोण?

मग काय झालं, डोंगरापलीकडे फिलोन राजाची कुरणं होती. हिरवीगार. थेरोनला वाटलं, ही आपल्याला हवीत. राजा बोले, दल हाले. निघाले सगळे लढाईला. थेरोन सगळ्यांच्या पुढे. त्याला कशाची भीती! तलवारी अंगावर येतात आणि सरकून जातात. हा हसतोय. त्या लढाईत फिलोनचा मुलगा मारला गेला. थेरोननंच मारला. कुरणं मिळाली. घरी आला तर आईच्या हाताला फडकं बांधलेलं.

"काय झालं गं?"

"काही नाही रे. ऑलिव्ह तोडताना फांदी लागली."

मग पुन्हा एक लढाई झाली. समुद्रकाठच्या एका शहरातला राजा थेरोनला बघून उठून उभा राहिला नाही, एवढंच कारण. डोक्यात हवा गेली की माणसाला कारण लागत नाही, बाळांनो. ती लढाईही जिंकला. घरी आला तर आई लंगडत होती.

"आता काय झालं?"

"पायरीवरून घसरले. वय झालं आता."

त्यानं पाठीवर हात ठेवला, तशी ती कळवळली. पण थेरोनचं लक्ष कुठे होतं? दारात ढोल वाजत होते.

मग तिसऱ्यांदा लढाई आली. या वेळी तो गेला नाही, लढाईच त्याच्याकडे आली. फिलोन राजानं मोठं सैन्य जमवलं होतं. म्हणत होता, माझा मुलगा मारला, त्याचं राज्य मी जाळून टाकीन. बातमी आली तेव्हा वाड्यात जेवणं चालली होती. सरदारांचे घास हातातच राहिले. एवढं मोठं सैन्य! आपलं कसं होणार?

थेरोन उठला. म्हणाला, "घाबरता कशाला? हे बघा." त्यानं मांस कापायची मोठी सुरी उचलली आणि स्वतःच्या दंडावर खच्चून मारली. काहीही झालं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अंथिया चुलीपाशी उभी होती, हातात भाकरीची टोपली. ती फक्त खांबाला टेकली. थेरोननं पुन्हा मारली. पुन्हा टाळ्या. तिनं ओठ दाताखाली धरले. त्यानं तिसऱ्यांदा मारली, अगदी जोर काढून, आणि धाडकन टोपली खाली पडली.

सगळे वळले. अंथिया जमिनीवर बसली होती. भाकरी इकडेतिकडे पसरल्या होत्या आणि त्या लाल झाल्या होत्या.

थेरोन धावला. आईची शाल बाजूला केली. दंडावर तीन घाव, ताजे. आणि नुसते तेवढेच नाहीत. हातावर, खांद्यावर, पाठीवर जुने व्रण, एकावर एक. आणि थेरोनला ते सगळे ओळखीचे होते, कळलं का? हा बाण मला इथे लागला होता. हा भाला इथे. ही तलवार पाठीवर, समुद्रकाठी, आणि मी हसलो होतो. त्याच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

"आई, हे काय केलंस तू?"

मग अंथियानं सांगितलं. "तू तान्हा होतास. तुझ्या बापानं विचारलं, पोरासाठी काय देऊ? मी म्हटलं, याला अमर करा. तर म्हणाले, ते माझ्या हातात नाही. घाव नाहीसा करता येत नाही, दुसऱ्यावर टाकता येतो. मी म्हटलं, मग माझ्यावर टाका. म्हणाले, याचे पहिले केस मला वाहीपर्यंत चालेल. मग मी वाहिलेच नाहीत."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू ठेवले असतेस का केस?"

थेरोन उठला. तीच सुरी उचलली आणि नदीकडे चालू लागला. अंथिया मागे. लंगडत, रडत, ओरडत. "नको रे, थेरोन! उद्या फिलोन येतोय. उद्याचा दिवस जाऊ दे, मग काप!"

"उद्याचा दिवस गेला तर तू राहशील का गं?"

तिनं धावत येऊन त्याचा हात धरला. काही केल्या सोडेना. "मी आई आहे तुझी. माझ्या डोळ्यांदेखत तू जायचं नाहीस, सांगून ठेवते!" असं म्हणून तिनं सुरीचं पातंच धरलं. आई ती आईच. थेरोननं हळूच तिची बोटं सोडवली, एकेक करून.

पाण्यातून अर्गीस देव वर आला. दाढीतून पाणी निथळत होतं. म्हणाला, "मुला, नीट विचार कर. केस दिलेस की तू साधा माणूस. लागेल, रक्त येईल, मरशील."

थेरोन म्हणाला, "बाबा, घाव माझे आहेत. मला परत द्या." आणि शेपटा कापला आणि पाण्यात सोडला. देवानं तो छातीशी धरला आणि खाली गेला. देव असला तरी बापच ना तो. त्यालाही वाईट वाटलं असेल.

झोपलीस का गं रेणू? नाही ना? मग ऐक.

सकाळी फिलोनचं सैन्य मैदानात उभं. इकडे थेरोनचं. आणि थेरोनला काहीतरी व्हायला लागलं. पोटात गोळा आला. तोंडाला कोरड पडली. गुडघे लटपटायला लागले. त्याला वाटलं, आपण आजारी पडलो. शेजारी एक म्हातारा शिपाई होता, ग्लॉकोस नावाचा. त्याला विचारलं, "ग्लॉकोस, मला असं काय होतंय?"

"भीती वाटतेय, महाराज."

"तुम्हाला असं नेहमी होतं?"

"नेहमी. दोन्ही लढायांत झालं."

"मग तुम्ही येत कसे होतात रे?"

ग्लॉकोस म्हणाला, "तुम्ही न्यायचात, म्हणून यायचो."

थेरोननं मान खाली घातली. आपल्या सैन्याकडे बघितलं. कोण पोरगेलं, कोण केस पिकलेलं. प्रत्येकाला लागणार होतं, आणि प्रत्येकाची घरी आई नाहीतर बायको वाट बघत होती. मग त्यानं ढाल खाली ठेवली, तलवार खाली ठेवली. म्हणाला, "इथेच थांबा. कुणी पुढे यायचं नाही." आणि एकटाच मैदानात चालत गेला.

फिलोनला वाटलं, आला उर्मट! याला काही लागत नाही म्हणून हात हलवत येतोय. त्यानं रागानं भाला फेकला. तो थेरोनच्या खांद्यात घुसला.

आणि थेरोन ओरडला, "आई गं!"

उभ्या जन्मात हे शब्द त्याच्या तोंडून कधी आले नव्हते. कसे येणार? दुखायचं तिला. राजाच्या अंगातून रक्त येतंय, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

फिलोन तलवार घेऊन धावत आला. थेरोन कसाबसा पुढे झाला, त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला, आणि एका हातानं त्याचे गुडघे धरले. तिकडची शरण जायची ती रीत. असं कुणी धरलं की त्याला मारणं म्हणजे पाप. थेरोन म्हणाला, "तुझा मुलगा मी मारला. कुरणं घे, माझी गुरं घे. मला मारायचं असेल तर हा मी हात सोडतो, तुला पाप नको. पण या माणसांना घरी जाऊ दे." आणि खरंच हात सोडला.

फिलोनची तलवार वर होती. त्यानं विचारलं, "माझा पोरगा... तोही असाच ओरडला होता?"

थेरोनला खोटं बोलता आलं असतं. तो म्हणाला, "हो. त्यानंही आईला हाक मारली. तेव्हा मला कळलंच नव्हतं, माणसं अशी हाक का मारतात ते."

फिलोनच्या हातून तलवार पडली. तो तिथेच मातीत बसला आणि हुंदके देऊन रडला. थेरोन त्याच्याजवळ बसून राहिला. दोन्ही सैन्यं ते बघत होती. मग एकेकानं आपापला भाला आडवा ठेवला.

इकडे अंथिया अंगणात बसली होती, सगळ्या अंगाचे कान करून. घाव कधी येतोय म्हणून वाट बघत. सवय झालेली ना! पण काहीच लागेना. आणि तिला कळलं की आता लागणारच नाही. मग जी धावत सुटली ती मैदानातच. लेकाच्या खांद्यातलं रक्त बघितलं, पदर फाडला, जखम बांधली.

"दुखतंय का रे?"

"खूप दुखतंय गं."

तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो लहान मुलासारखा रडला. तीही रडली. आणि बाळांनो, मनातून तिला बरंही वाटलं. लेकाचं दुखणं त्याला विचारायला मिळालं होतं, पहिल्यांदाच.

कुरणं फिलोनला परत गेली. समुद्रकाठच्या शहरातही थेरोन स्वतः गेला आणि तिथल्या राजासमोर आधी स्वतः उभा राहिला. पुन्हा लढाई म्हणून झाली नाही. ग्लॉकोसनं मेंढ्या पाळल्या. सगळे पोटभर जेवले आणि निवांत झोपले.

काय म्हणालास श्रीप्या? मेला का तो? मेला की रे. माणूस झाला होता ना. पण म्हातारा होऊन मेला, आपल्या अंथरुणात. त्याच्या किती तरी आधी अंथिया गेली. लेकाचा हात हातात धरून, हसत गेली. आधी आई, मग लेक. तिला तेवढंच हवं होतं.

चला, मिटा डोळे. मी आहे इथेच.