स्वस्त पेट्रोलची फेरी

निवृत्त मामलेदार आप्पा परबांचा शब्द त्यांच्या कुडाळच्या घरात शेवटचा असे. गोव्यात पेट्रोल स्वस्त मिळतं म्हणून दर रविवारी ते सून मृण्मयीला गाडी काढायला लावत. तिची आठवड्याची एकुलती एक सुट्टी त्यातच जाई.

"आप्पा, हे परवडत नाही," असं ती म्हणाली की ते गुरकावत, "तोंडी हिशेब नको. डोळ्यांना दिसेल असं दाखव!"

त्या रविवारीही हद्दीपलीकडच्या पंपावर टाकी काठोकाठ भरली. "अडीचशे वाचले!" आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. मृण्मयीने गाडी परत वळवली. कुडाळात शिरताच मात्र तिने घराजवळच्या पंपावर गाडी घातली आणि टाकी फुल करायला सांगितली.

"अगं, आत्ताच तर भरली ना!" आप्पा ओरडले.

टाकी पुन्हा काठोकाठ भरली, तेव्हा मीटरवर तीनशे दहा रुपये झाले होते.

"आप्पा, तुमचे वाचलेले अडीचशे घरी आणायला एवढं पेट्रोल लागलं," मृण्मयी शांतपणे म्हणाली. "जातानाचं तर मी अजून धरलंच नाही."

आप्पा मीटरकडे बघत राहिले आणि एकदम खळखळून हसले.

"तरी पुढच्या रविवारी गोव्याला जायचंच," ते म्हणाले. "मासे खायला. आणि गाडी मी चालवणार."