खालचा नट

"पांढरं म्हणजे कसं पांढरं, वहिनी?"

बाजाराचा दिवस होता. रंगनाथ गॅरेजच्या दारात उभ्याउभ्या भजी खात होता, तेवढ्यात फोन आला.

"ताकासारखं, भाऊजी. तेलाची पट्टी पुसली, पुन्हा बुडवली. तसंच."

त्याने उरलेली भजी कागदात गुंडाळून ठेवली. थोरला भाऊ दिवाळीत गेला. मागे हा जुना ट्रॅक्टर राहिला. वहिनीचं घर त्यावरच चालत होतं. इंजिन रंगनाथनेच बांधलेलं. "आता दहा वर्षं बघायला नको," असं त्याने चारचौघांत छाती ठोकून सांगितलं होतं. पाणी अडवणारं गॅस्केट नवं होतं. तरी तेलात पाणी उतरलं असेल, तर इंजिनच्या ब्लॉकलाच चीर. मग ट्रॅक्टर भंगारात.

संध्याकाळी तो कासमचाचांना घेऊन शेतावर आला. त्याला पाना धरायला त्यांनीच शिकवलं होतं.

"थंडीचा घाम असेल, चाचा. झाकणाला धरतो तसा."

"असेल."

चाचांनी रेडिएटरचं झाकण काढलं. पाणी काठोकाठ होतं.

"बघा! उतरलेलंच नाही."

"दुपारी येऊन तुम्हीच ओतलंत की, भाऊजी," वहिनी म्हणाली.

चाचांनी त्याच्याकडे पाहिलं. "किती मावलं?"

"...बघितलं नाही."

"डोळे मिटून ओतलंस?"

 रंगनाथ घाईने सीटवर चढला. स्टीअरिंगला भावाचा पंचा अजून बांधलेला होता.

"चालू करतो. आवाजावरून सांगतो मी."

चाचांनी किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली.

"घुसळत राहिलास तर ताकच दिसणार. रात्रभर निजू दे त्याला. पाणी जड, तळाला बसेल. सकाळी तेल सोडायचा खालचा नट सैल कर. आधी काय येतं ते बघ."

सकाळी रंगनाथ ट्रॅक्टरखाली उताणा शिरला. घमेलं सरकवलं. नटाला पाना लावला. पाना नटावर नुसताच खडखडू लागला.

"चाचा... पाणी आलं तर?"

"तर ते रात्रीही होतंच."

खडखड थांबली. नंतर काहीच ऐकू आलं नाही.

वहिनी चहा घेऊन आली. ट्रॅक्टरखालून दोन पाय तेवढे दिसत होते. तिने दबक्या आवाजात विचारलं, "काय निघालं, चाचा?"

चाचांनी कप हातात घेतला.

"त्याने नट अजून फिरवलेला नाही, बेटी."