राखण उठवणारी गोजाक्का

फार फार वर्षं झाली. तेव्हा कारवंड्याच्या डोंगरावर ढग मुक्कामाला उतरायचे आणि निघताना कुणाकुणाची स्वप्नं चुकून सोबत न्यायचे, असं म्हणतात. त्या डोंगराच्या पायथ्याला गोजाक्का राहायची. झाडपाला द्यायची, पण तिचं खरं औषध म्हणजे तिचा कान. पाठीला कान लावला की तिला माणसाच्या आतलं ऐकू यायचं.

गावाची एक रीत होती. कुणाला ताप भरला की शेजारीपाजारी त्याच्या दाराशी हलगी वाजवायचे, थाळ्या बडवायचे. शिवारातून रानडुकरं हाकलतात, तसा ताप हाकलायचा. याला राखण म्हणायचे. आजारी माणूस हसला की राखण उठायची. नाही हसला, तर ताप आत दडून बसलाय असं धरून चालायचे.

एका सुगीत राहीबाईच्या सुनेला, मैनेला, ताप आला. पदरी तान्हं पोर. राखण बसली, ताप उतरला, अंग निवलं. पण मैना काही हसेना. भिंतीकडे तोंड करून पडून राही. भाकरी मातीसारखी लागे, पोर रडलं तरी हात उचलत नसे. मग लोक थाळ्या आणखी जोरात बडवू लागले. मायेपोटीच बडवत होते बिचारे, पण माया झाली तरी कान किटतातच.

शेवटी राहीबाईनं गाडी जुंपायला सांगितली. "हिला म्हायेरी धाडते. पोर हितंच ऱ्हाईल. हिला सोताचं अंग उचलंना, त्याला काय सांभाळणार?"

मैनेनं ते ऐकलं. पोर आपल्यापासून तुटणार हे तिला कळत होतं. रडावंसं वाटलं, पण रडायलाही बळ लागतं आणि तेवढं तिच्यात नव्हतं.

गोजाक्का आली. तिनं मैनेच्या पाठीला कान लावला, डोळे मिटले. आत जोंधळ्याचं अख्खं शिवार पसरलं होतं, असं म्हणतात. राखणीच्या माळ्यामाळ्यावर इवले राखणदार उभे राहून गोफणी फिरवत होते. डुकरं केव्हाच पळाली होती, पण तसं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांचे धोंडे आता आपल्याच कणसांवर पडत होते.

"राहे, सून आळशी न्हाई आन् तिला कुनी झपाटलंबी न्हाई," गोजाक्का म्हणाली. "ताप गेला, पर तिचं राखणदार अजून लढत्यात. आत लढाई चाललीया, मग मन कशानं हसंल? त्यात तुमी भाईर थाळ्या बडवताय. त्यास्नी वाटतंय, वैरी हितंच हाय."

"हसल्याबिगर राखण उठवू? आन् ताप परत आला तर?"

"तर गाडीत मला घाल. हसू मागनं येतं, बाई."

मग राहीबाईनंच पहिली थाळी खाली ठेवली. बाकीच्या हळूहळू थांबल्या आणि गावाला कित्येक दिवसांनी आपल्या ओढ्याचा आवाज ऐकू आला.

गोजाक्का रोज तिन्हीसांजेला यायची. मैनेच्या पाठीशी ओठ नेऊन म्हणायची, "बाबांनो, राखण झाली. आता निजा." काही राखणदार निजले. काही हट्टी होते, ते माळ्यावरून उतरेनात. सुगी सरली, खळी रिकामी झाली. दारातल्या गाडीत कोंबड्या अंडी घालू लागल्या.

मग एका धुक्याच्या सकाळी राहीबाईच्या दारातून इवली इवली माणसं बाहेर पडली. खांद्यावर सैल गोफणी टाकून, जांभया देत ती डोंगरावरच्या ढगात चढून गेली, असं म्हणतात. पाठोपाठ घरात पोर रडलं. मैनेनं हात पुढे केला.

"ह्याचं टोपरं कुठं हाय?" ती म्हणाली. "गारठा पडलाय."

ती अजून हसली नव्हती. राहीबाईनं टोपरं दिलं आणि परसात जाऊन पोटभर रडली.

पुढे गोजाक्काही कधीतरी त्याच ढगात गेली. दमलेल्या राखणदारांना घरी पोचवायला कुणीतरी हवंच होतं, असं म्हणतात.

कारवंड्यात आजही ताप उतरला की हलगी वाजत नाही. घरातलं थोरलं माणूस दारावर सैल गोफण टांगतं, आजाऱ्याच्या पाठीशी वाकतं आणि हळूच म्हणतं, "राखण झाली. आता निजा." गोफण दिसली की येणारे-जाणारे वहाणा हातात घेतात. हसलास का, हसलीस का, असं कुणी विचारत नाही. एखाद्या दारावर ती गोफण पुढच्या सुगीपर्यंत तशीच लटकते. तरी ती काढा असं म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही.