बिनशालीचा उमेदवार

"माणूस पारखायचा कंटाळा, म्हणून शाल बघता! आळशी कुठले!"

राजवाड्याच्या दारात उभी राहून भिवरा ओरडली. नाव तिने कुणाचंच घेतलं नाही. पण सज्ज्यात विडा चघळत बसलेले राजे धवलकीर्ती तावातावाने खाली आले.

"कुणाला आळशी म्हणालीस गं?"

"मी कुठं नाव घेतलं, महाराज? आपणच धावत आलात!"

दारावरच्या सुभाना पहारेकऱ्याने हसू दाबायला मिशीवर हात फिरवला.

भिवरा पाटकऱ्याची मुलगी. कालव्याचं पाणी पाळीपाळीने शेतांना सोडायचं, हे तिच्या घरचं काम. राज्यातल्या सगळ्या पाटांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याची जागा रिकामी झाली होती. आधीचा अधिकारी कालव्याच्या तोंडाशी गार वाऱ्यात बसून राहिला; पाणी शेवटपर्यंत पोचतं का, हे बघायला कधी गेलाच नाही. शेवटाला होतं भिवराचं निंबोळे गाव. तिथल्या पाटात पाण्याऐवजी शेरडं चरत होती. म्हणून तिला ती जागा हवी होती.

पण राजाचा नियम ठरलेला. हेमगिरी विद्यापीठाची निळी शाल खांद्यावर असेल तर आत, नसेल तर परत! शालवाल्याला पुढे कुणी काही विचारतही नसे. मुदपाकखान्यात कांदा चिरणारासुद्धा शालवालाच होता. कांदा जाड चिरायचा, पण शाल पांघरून चिरायचा.

"बिनशालीचा माणूस लायक असूच शकत नाही!" राजा म्हणाला.

"आणि असला तर?"

"असला तर? माझ्याच तोंडून तसं वदवून दाखव! उद्या भर दरबारात. वदवलंस तर जागा तुझी. नाही तर घरच्यांना घेऊन राज्याबाहेर हो!"

आता राजा सावध होता. स्वतःच्याच तोंडाला कुलूप घातलेल्या माणसाकडून काय वदवणार?  तरी भिवरा म्हणाली, "चालेल!"

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. रोजच्याप्रमाणे सगळ्या शालवाल्यांनी डोळे मिटून, माना डोलावत, हेमगिरीच्या आद्य आचार्यांचं स्तवन गायलं. गेले कित्येक दिवस दारात ताटकळताना भिवराने ते ऐकलं होतं. आजही तिने कान देऊन ऐकलं. मग ती पुढे झाली.

"महाराज, माझं राहू द्या. आधी दुसऱ्याच एका उमेदवाराचा विचार करा."

"शाल आहे?"

"नाही. मोळी विकणाऱ्याचा मुलगा. विद्यापीठाचं तोंड पाहिलेलं नाही, गुरू केलेला नाही. ओढ्याकाठी बसून आपला आपणच शिकला. ठेवाल कामाला?"

राजा गालात हसला. एवढा सोपा सापळा! "मुळीच नाही! नालायक!"

"प्रधानजी, आपलं मत?"

प्रधान त्र्यंबकपंतांनी शाल सावरली. "अशा माणसाला मी माझ्या घोड्याला गवत घालायलासुद्धा ठेवणार नाही!"

सगळे शालवाले खदाखदा हसले. कांदा चिरणारा सर्वांत जास्त.

"बरं," भिवरा म्हणाली. "प्रधानजी, मघाचं स्तवन पुन्हा म्हणता का? फक्त या खेपेला डोळे उघडे ठेवून."

पंतांनी खणखणीत सुरुवात केली.

"मोळीविक्याच्या झोपडीत जन्मले, गुरूविण ओढ्याकाठी शिकले..."

एवढं म्हणून पंत अडखळले. 

"थांबलात का, पंत?" भिवरा म्हणाली. "आद्य आचार्यांनी विद्यापीठ काढलं. ते काढण्याआधी शाल कुठून आणणार होते बिचारे? महाराज, आपण त्यांना आत्ताच नालायक ठरवलंत. मग नालायकाने सुरू केलेल्या या शाली आजच उतरवायला सांगा. नाहीतर ते लायक होते म्हणा. काय म्हणता?"

राजाने पंतांकडे पाहिलं. पंतांनी छताकडे पाहिलं.

"लायक होते," राजा पुटपुटला.

"शेवटच्या रांगेला ऐकू गेलं नाही, महाराज!"

"लायक होते! शाल नसताना लायक होते!" राजा गरजला आणि आपल्याच गर्जनेवर मांडी थोपटत हसत सुटला. "घेतलंस वदवून! जागा तुझी! आणि आजपासून एकाही शालवाल्याला या वाड्यात पाऊल टाकू देणार नाही!"

शालवाल्यांचे चेहरे पांढरेफटक पडले.

"म्हणजे अजूनही शालच बघणार!" भिवरा म्हणाली. "काल शाल पाहून आत घेत होतात, उद्या शाल पाहून हाकलणार. महाराज, पाटाचं काम असेल तर उमेदवाराला पाटावर न्या. पाणी शेवटच्या शेतात पोचवलं की ठेवून घ्या. मग तो शाल पांघरो, नाहीतर घोंगडी."

"आणि तुझं काय?"

"माझीही परीक्षा घ्या की! निंबोळ्यात पाणी दिसलं नाही, तर मलाही हाकला."

राजा पुन्हा खो खो हसला. त्याने गळ्यातला कंठा काढून तिच्या हातावर ठेवला आणि कांदा चिरणाऱ्याला तिथल्या तिथे कांदा चिरून दाखवायला सांगितलं.

एवढ्यात दारावरून सुभाना आत आला. आयुष्यभर त्याने येणाऱ्यांच्या फक्त खांद्याकडे पाहिलं होतं.

"महाराज, नियम बदलला म्हणे," तो काळजीने म्हणाला. "म्हणजे उद्यापासून मला आलेल्या प्रत्येक माणसाशी बोलावं लागणार?"