केसरचा उशीर

तासणी नदीच्या घळीत, कोंडगाव आणि माळेवाडी यांच्या मधोमध, काठांइतका उंच असा एक काळा खडक उभा आहे. त्याच्या माथ्यावर आडवी, गुळगुळीत खोबण आहे. आता शेजारून लोखंडी पूल गेला आहे. पाहुणे पुलावर उभे राहतात, खडकाचे फोटो काढतात आणि पुढे निघतात. खोबण कशाची, असं कुणी विचारलंच, तर कोंडगावचे म्हातारे भागोजी गुरव आधी त्या माणसाला नीट न्याहाळतात, घाई नसल्याची खात्री करून घेतात आणि मगच कठड्याला टेकून सांगू लागतात.

फार पूर्वी कोंडगावात म्हाळू नावाचा सुतार होता, म्हणे. त्याला दोन मुली. थोरली ठकू गावातच दिलेली, धाकटी राही पलीकडे माळेवाडीला. हाकेच्या अंतरावर, पण मध्ये ही घळ. घाट उतरून, वळसा घालून जायचं, तर गुरंपोरं टाकून कोण जाणार? दोघी आपापल्या काठावरून एकमेकींना हाका मारायच्या आणि निम्मं बोलणं नदीच खाऊन टाकायची.

लेकींसाठी म्हाळूने घळीवर ओंडका टाकायचं ठरवलं. देवराईतलं झाड तोडायला देवाचा कौल लागतो, आणि देवाने एकाच झाडाला कौल दिला. म्हाळूने कातड्याचा दोर पलीकडे फेकला, जावयाने टोक धरलं, दोघांनी तो खेचून घट्ट केला आणि माप घेतलं. मग तोच दोर जमिनीवर अंथरून म्हाळूने ओंडका कापला. इथेच तो फसला. दोर ताणला की लांबतो आणि सोडला की आखडतो, हे त्याच्यासारख्या जुन्या सुताराला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी त्याला लेकी दिसत होत्या, दोर दिसत नव्हता. ओंडका दोन्ही काठांना हातभर तोकडा पडला.

दुसरं झाड मिळणार नव्हतं. काठावर दगड रचावेत, तर माती ढासळायची. म्हाळूने मुकाट्याने खडकावर खोबण पाडली, ओंडका तिच्यात आडवा बसवला आणि शेंड्याच्या हलक्या बाजूला धोंडे बांधले. दोन्ही टोकं अधांतरी, तरी ओंडका सरळ राहिला. मात्र एकट्याने पाय ठेवला की ते टोक खाली जायचं. दोन काठांवरून सारख्याच वजनाच्या दोघांनी एकदम पाय टाकला आणि पावलाला पाऊल जुळवत आले, तरच तो पेलायचा.

बाकी कुणाची छाती झाली नाही. ठकू आणि राही मात्र अंगापिंडाने सारख्या. दोघी एकदम निघायच्या, ओंडका दोन्हीकडे लवायचा, आणि त्या मध्यावर आल्या की पुन्हा सरळ व्हायचा. तिथे बसून त्या भाकरी खायच्या, पोटभर बोलायच्या. पण उठल्या की एक तर दोघींनी मागे फिरायचं, नाहीतर एकमेकींना ओलांडून पुढे जायचं. राही माहेरी आली की ठकू माळेवाडीत, राहीची चूल आणि राहीची पोरं सांभाळत. एका छपराखाली दोघी कधी आल्याच नाहीत. ठकूला याचं फार वाटायचं, पण बापासमोर ती कधी बोलली नाही.

मग आई अंथरुणाला खिळली. "दोघी माझ्या दोन अंगांना बसा," एवढंच ती मागत होती. ठकू काठावर येऊन रडली. आपण इथे असलो तर राही येणार नाही, आणि राही आली तर आपण इथे नसणार.

तेव्हा तिची धाकटी जाऊ केसर पुढे आली. काटकुळी, अबोल पोर. म्हणाली, "जाऊबाई, पलीकडे तुमच्या जागी मी जाते."

"तुझं वजन ते केवढं! नदीत जाशील गं."

"मग वजन वाढवा की." केसरने पदराची ओटी पुढे धरली.

ठकू तिच्या ओटीत नदीतले गोटे भरू लागली. भरता भरता तिचा हात थांबला. केसरचं माहेर माळेवाडीच! लग्नात घाटाने आली, ती परत गेलीच नव्हती.

"अगं, इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुमी दोघी येवढ्या रडत हुता," केसर म्हणाली. "त्यात माझं कुठं सांगू?"

इकडून केसर निघाली, पलीकडून राही. ओंडका कुरकुरला, खूप लवला, पण त्याने दोघींना पेललं. आईला दोन अंगांना दोन लेकी मिळाल्या. दुसऱ्या दिवशी दोघींचे हात धरूनच ती गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी केसरने काठावर यायचं, असं ठरलं होतं. दोघी बहिणी येऊन बसल्या. पलीकडे आपल्या आईच्या अंगणात बसलेली केसर स्पष्ट दिसत होती. आई तिची वेणी घालत होती. केसरनेही यांना पाहिलं, पण ती उठली नाही.

"आक्का, हाक मारू का?" राहीने विचारलं.

"नको," ठकू म्हणाली. "ती तिथं हाय तवर तू हितं हायस."

केसर आली ती दिवस कलल्यावर. तोवर दोघी एकमेकींना टेकून बसून होत्या, असं सांगतात.

पुढे कुठल्याशा पुरात ओंडका वाहून गेला, खोबण राहिली. आजही माळेवाडीला दिलेली लेक कोंडगावला माहेरी येते, तेव्हा कोंडगावातली माळेवाडीची एक सून ओटीत गोटे घेऊन समोरून निघते. लोखंडी पुलाच्या मध्यावर दोघी भेटतात आणि एकमेकींना ओलांडून पुढे जातात. परतीची वेळ ठरलेली असते. त्या वेळेला लेक काठावर येऊन बसते, तिची माणसं तिच्याजवळ बसतात. पलीकडची उशीर करते. इकडून तिला कुणी हाक मारत नाही.