टाकं फोडणारा सटवा बेलदार

फार फार वर्षांमागं वाघळगडाला गनिमाचा वेढा पडला होता, तेव्हाची ही गोष्ट. गडावर सटवा नावाचा बेलदार होता. गडावरचं एकुलतं एक पाण्याचं टाकं त्यानं तीन उन्हाळे खपून कातळात खोदलं होतं. कातळाला कान लावून तो दगडाच्या पोटातलं सगळं सांगायचा, असं म्हणतात.

चार महिने तोफा डागूनही गड पडेना. एका सकाळी सटवानं दक्षिण बुरुजाला कान लावला आणि तो धावतच किल्लेदार हैबतरावांकडे गेला.

"सरकार, गनिमानं खालून बोगदा खणलाय. आता सुरुंगाची दारू भरतायत. दुपारपर्यंत बुरुज उडवतील."

तेवढ्यात गनिमाचा वकील वर आला. "किल्ल्या द्या, जीव वाचवा."

हैबतराव काही बोलायच्या आधी सटवाच बोलला, "किल्ल्या माझ्या पहारीला बांधल्यात. धमक असंल तर सोडून न्या."

वकील गेला. सटवा म्हणाला, "टाकं बोगद्याच्या डोक्यावरच आहे. तळ फोडतो. दारू भिजली की सुरुंग मेला."

"अरे, मग गडानं प्यायचं काय?"

"बुरुज गेल्यावर ते पाणी गनीमच पिणार ना, सरकार?"

टाक्याच्या काठावर त्याची बायको भागू उभी होती. स्वतःच्या हातानं घडवलेल्या त्या टाक्यावरून सटवानं एकदा हात फिरवला. मग ओंजळभर पाणी प्यायला आणि पहार घेऊन त्यानं बुडी मारली. एकेका घावाला गड हादरत होता, असं म्हणतात. सातव्या घावाला तळ फुटला, पाण्याला भोवरा पडला आणि सटवा पाण्याबरोबर खाली गेला. बोगद्यात दारूचा चिखल झाला. गनिमाची माणसं जीव घेऊन पळाली. सटवा मात्र कुणाला दिसला नाही.

आता गड तहानेनं पडेल म्हणून गनीम वाट बघत बसला. दोन दिवस गडावरच्यांनी कोरड्या घशानं तटावर पहारा दिला. तिसऱ्या दिवशी फुटलेल्या तळातून झरा उसळला. भागूनं डोळे पुसले, घागर भरली आणि तटावरून गनिमाच्या डोक्यावर ओतली. ते पाणी बघून गनिमाचं अवसान गळालं. आठवड्यात वेढा उठला.

आजही पायथ्याच्या वाघळवाडीत विहिरीला पाणी लागलं, की कुणी लगेच पीत नाही. आधी गावातली सगळ्यांत म्हातारी बाई काठावर वाकते आणि आत हाक मारते, "सटवाबाबा, गड दिला नाही!"


आतून आवाज घुमून वर आला, की मगच पहिली घागर भरतात.